वाचनालयाची तपासणी कोणी करायची: शासनाने, जिल्हा परिषदेने की वाचणाऱ्यांनी?

खाडीकाठचा कार्यवाह (राजापूर तालुका)

गेली ११ वर्षं मी आमच्या गावच्या वाचनालयाचा बिनपगारी कार्यवाह आहे. वर्ग 'इतर ड', म्हणजे सगळ्यात खालचा. एक कौलारू खोली, पाच लोखंडी कपाटं, एक लांब बाक. गेल्या महिन्यात वार्षिक तपासणी झाली. आलेले साहेब सज्जन होते. दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकासह जिच्यात चढतं ती), बिलं, कॅशबुक, ठरावांची वही, पासबुक, लेखापरीक्षकाचा दाखला, सगळं त्यांनी नीट बघितलं. देवघेवीची वही मात्र शेवटचं पान उघडून सही केली आणि मिटली.

आमच्या ग्रंथपाल ताई दर सोमवारी कापडी पिशवीत २०-२५ पुस्तकं घालून वरच्या वाडीवर जातात. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उभी आहे, पावसात शेवाळते, वयस्क बायकांना उतरून यायला जमत नाही. त्या वाडीसाठी वेगळी शंभर पानी वही आहे. कोणी काय नेलं, कधी परत केलं, एकीच्या नावापुढे तर "पुढचा भाग हवा" असंही लिहिलंय. ती वही मी पुढे केली. साहेब म्हणाले, "राहू द्या, हे नमुन्यात बसत नाही."

तेव्हापासून मनात एकच गोष्ट घोळतेय. आपल्याकडे वाचनालयात काय आहे ते तपासलं जातं, तिथून काय वाचलं गेलं ते नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, अमलात आला १ मे १९६८ ला. त्यानुसार मुंबईत ग्रंथालय संचालनालय, खाली विभागाचे सहायक संचालक, जिल्ह्याला ग्रंथालय अधिकारी. सल्ला द्यायला राज्य ग्रंथालय परिषद, मंत्री तिचे अध्यक्ष. जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय समिती. मान्यता आणि अनुदान १९७० च्या नियमांनी, आणि तुमचा वर्ग कोणता हे ठरतं ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रं-नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास यांवर. मी ओळखीच्या सहा कार्यवाहांना विचारलं, आपल्या जिल्हा समितीवर कोण आहे? एकालाही सांगता आलं नाही.

केरळात १९८९ च्या कायद्याने ग्रंथालयांचे प्रतिनिधी निवडून येतात, तालुक्यापासून राज्य परिषदेपर्यंत. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे देण्याच्या विषयांत २० वा विषय ग्रंथालयांचाच आहे. मग देखरेखीचा निम्मा अधिकार जिल्ह्यात, निवडलेल्या समितीकडे आणि त्यात वाचकांकडे का देऊ नये? माझं मत, द्यावा.

दप्तरातला माणूस (रत्नागिरी, निवृत्त)

कार्यवाह साहेब, तुमच्या सोमवारच्या पिशवीला मनापासून नमस्कार. पण तुमचं मत मला मान्य नाही, आणि का ते सांगतो.

मी बरीच वर्षं तपासण्या केल्या आहेत. एका वाचनालयात कपाटातलं पुस्तक काढून गुप्त पान उघडलं. गुप्त पान म्हणजे आतलं एक ठरलेलं पान, तिथेही शिक्का मारायचा असतो, म्हणजे पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कोणाचं ते कळतं. तर त्या पानावर शिक्का होता शेजारच्या गावच्या वाचनालयाचा. दुसरं काढलं, तेच. जवळजवळ अख्खं कपाट तपासणीपुरतं टेम्पोतून आलं होतं. सभासदांच्या यादीत दोघं वारलेले. अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल एकाच घरातले.

२०१२ साली राज्यभर महसूल यंत्रणेकडून पडताळणी करावी लागली ती अशाच कारणांनी. त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गवाढ थांबली आणि प्रामाणिक वाचनालयंसुद्धा वर्षानुवर्षं खालच्या वर्गात अडकून पडली. सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच झालं. आता सांगा, ते टेम्पोवाले निवडणुकीत हरले असते असं वाटतं का? तेच निवडून आले असते. गावात त्यांचाच शब्द चालतो.

दाखल नोंदवही रुक्ष असते, पण जनतेचा पैसा तिच्यावर उभा असतो. "किती वाचलं" हे ज्याने त्याने लिहायचं म्हटलं तर देवघेवीच्या वह्या एका रात्रीत भरतील. शाई एक, अक्षर एक. त्याही मी बघितल्या आहेत.

झाराप-पेडणे

तुमचा म्हणणा माका अर्धा पटता, अर्धा नाय. समिती कोणाची ह्याच्यार भांडतास, पण पैसो खंयसून येतलो ता कोण बोलणा नाय.

आमच्या शेजारी गोव्यात १९९३ चो ग्रंथालय कायदो आसा, आणि दारू-बियरीवरच्या अधिभारातून ग्रंथालयांक पैसो मिळता. कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के उपकर. आमच्या १९६७ च्या कायद्यात उपकरच नाय. शासनान दर वर्साक निदान २५ लाख देवचे, इतक्याच लिवलेला. आज तरतूद त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आसा, पण ती कायद्याचो हक्क म्हणान नाय, अर्थसंकल्पात घातली म्हणान आसा. जेच्या हातात थैली, तेचीच देखरेख. आधी थैलीचा बोला.

दप्तरातला माणूस

झाराप-पेडणे, मुद्दा पक्का आहे. फक्त एक. कर्नाटकात उपकर गोळा करणाऱ्या स्थानिक संस्था तो ग्रंथालयांकडे वेळेत वळवत नाहीत, ही तिथली जुनी तक्रार आहे. वसुली एकाची आणि खर्च दुसऱ्याचा असला की मधे पैसा मुरतो.

ग्रंथपाल, दापोलीकडची

सगळे दादा लोक परिषद, समिती, अनुसूची यांवर बोलताहेत. मी वाचनालय रोज उघडते आणि झाडते, म्हणून मला बोलू द्या.

'ड' वर्गाला वर्षाला ३०,००० अनुदान होतं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे १५,००० वर्षाचे, १,२५० महिन्याचे. तेही अनुदानाचा हप्ता आला की. २०२२ मध्ये शासनाने ६० टक्के वाढ केली, त्याचा आनंदच आहे, पण मूळ आकडाच एवढासा तर त्याच्या ६० टक्क्यांनी घर चालत नाही. ग्रंथालय प्रमाणपत्राचा कोर्स मी स्वतःच्या पैशाने केला. आमच्या वेतनश्रेणीची आणि सेवाशर्तींची शिफारस शासनाच्याच पत्की समितीने कधीच करून ठेवली आहे, ती जागची हलत नाही.

कार्यवाह दादा, तुमच्या ताई पाखाडी चढतात त्याचे त्यांना काय मिळतं? रागावू नका, खरंच विचारते. उद्या तुमची निवडलेली समिती आली तर तिच्यावर कार्यवाह बसतील, अध्यक्ष बसतील, वाचक बसतील. ग्रंथपाल कुठे बसणार? आत्ताच्या व्यवस्थेत निदान मला एवढं माहीत आहे की वेतनाचा भाग वेतनालाच दाखवावा लागतो, तो वरचा साहेब विचारतो. समितीतल्या लोकांना मी काय विचारणार? त्यातलेच तर मला कामावर ठेवतात.

तपासणी शासनाचीच राहू दे. फक्त आलेल्या माणसाने मला पाच मिनिटं एकटीला भेटावं, कार्यवाह समोर नसताना.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी तिसरीच बाजू मांडतो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. तेव्हा ना संचालनालय होतं ना अनुदान. आमच्या वाचनालयाने २०१३ चं साहित्य संमेलन चिपळुणात भरवलं. कोकणातली वाचनालयं वर्गणीवर आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या देणग्यांवर उभी राहिली. मालक समाज होता, म्हणून ती टिकली. शासन आणि जिल्हा परिषद, दोन्हीकडे बघत बसण्यापेक्षा आपले सभासद वाढवा.

एक मात्र नियमांबद्दल सांगायलाच हवं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी पुस्तकं वाळवायला हात लावलेला माणूस आहे. भिजलेलं पुस्तक लगेच उघडायचं नसतं, पानं लगद्यासारखी सुटतात. उभं करून आधी पाणी निथळू द्यायचं. २००५ ला पूर, २०२१ ला पुन्हा पूर. आणि पूर नसला तरी आपल्याकडे चार महिने बुरशी, बाकी आठ महिने कसर आणि वाळवी. पुस्तक मरतं ते आपल्याच हवेने. पण वर्ग ठरतो ग्रंथसंख्येवर, म्हणून मेलेलं पुस्तक निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला, कोणी धजत नाही. मोजणीला ते लागतं ना! कितीतरी कपाटांत मागच्या रांगेत अशी पुस्तकं आहेत, जी हातात घेतली तर भुगा पडतो. दप्तरकाका, हे तुमच्या नोंदवहीला दिसत नाही. तिच्यात तो भुगाही एक ग्रंथच आहे.

खाडीकाठचा कार्यवाह

एकेक करून उत्तर देतो.

ताई, रागावलो नाही. आमच्या ताईंना महिन्याला २,००० देतो, त्यातले काही गावच्या देवस्थानाकडून येतात. कमी आहेत, मला लाज वाटते. ग्रंथपालाला समितीत जागा आणि मत, दोन्ही हवं. माझ्या पोस्टमध्ये हे सुटलं होतं, ती चूक माझी. एकांतातल्या पाच मिनिटांचं तुम्ही म्हणता तेही शंभर टक्के मान्य.

वाशिष्ठीकाठ, शहराच्या वाचनालयाला १८६४ ची पुण्याई असते. आमच्या गावात निम्म्या घरांना कुलूप आहे, ती गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. सभासद आणू कुठून? अनुदान बंद झालं तर वरच्या वाडीतल्या त्या बायकांना दुसरं वाचनालय नाही. भुग्याचं मात्र तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं बोललात. तपासणी नगांची असली की असंच होणार.

दप्तरकाका, टेम्पोतून आणलेली पुस्तकं पकडलीत ते गुप्त पानामुळे. पण टेम्पो येतोय हे गावात कोणाला ठाऊक नसेल? पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यांना विचारायची सोय व्यवस्थेत नाही. मी तपासणी काढून टाका म्हणत नाही. तपासनीस गावात उतरला की बाकावर पेपर वाचत बसलेल्या माणसालाही त्याने विचारावं, आणि जिल्हा समितीच्या सभांचं इतिवृत्त प्रत्येक वाचनालयाच्या फळ्यावर लागावं.

दप्तरातला माणूस

फळ्यावर इतिवृत्त, मान्य. वाचकाला विचारणं, मान्य, जरी माझ्या काळात एका दिवसात तीन-तीन गावं करताना ते जमलं नसतं. जिल्ह्याला माणसं वाढवल्याशिवाय यातलं काहीही होणार नाही, ते आधी मागा. निवडलेल्या समितीकडे अनुदानाचा अधिकार, हे मात्र आजही अमान्य. पैशाची सही जबाबदारीने बांधलेल्या नोकराचीच हवी. तो चुकला तर त्याची चौकशी लागते. निवडून आलेला चुकला तर पुढच्या निवडणुकीची वाट बघायची.

आणि ती शंभर पानी वही. साहेब "बसत नाही" म्हणाले असतील, पण ती देवघेव तुमच्याच सभासदांची आहे. मूळ देवघेव वहीत त्याच दिवशी चढवा, दाखल क्रमांकासकट, शेऱ्यात "वाडीवर" लिहा. मग ती कोणालाही बाजूला ठेवता येणार नाही.

खाडीकाठचा कार्यवाह

सोमवारपासून तसंच करतो. जुन्या नोंदी चढवायच्या का? तीन वर्षांच्या आहेत.

दप्तरातला माणूस

नको. मागच्या तारखा घालू नका. जुनी वही आहे तशी जपून ठेवा.