मुठेच्या पाण्यात फेज गायब होतात, मदत हवी आहे

सेफोटॅक्झिम या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या ई. कोलाय बॅक्टेरियावर चालणारा फेज (बॅक्टेरिया मारणारा विषाणू) मुठेच्या पाण्यातूनच वेगळा केलाय. एलबी ब्रॉथमध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात) ४ तासांत गढूळ नळी नितळ होते. पण न गाळलेल्या नदीच्या पाण्यात मिलिलिटरला १०⁷ पीएफयू (जिवंत फेज मोजायचं एकक) टाकले, तर तासाभराने सेंट्रिफ्यूज केल्यावर वरच्या पाण्यात जेमतेम १०⁵ सापडतात. बॅक्टेरिया जसेच्या तसे! ०.२२ मायक्रॉनने गाळलेल्या पाण्यात, होस्टशिवाय (म्हणजे ई. कोलाय न घालता), आकडा टिकतो. म्हणजे संशय गाळावरच. पीएच ७.४, क्लोरोफॉर्म कुठेच नाही. १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलं, उलट आणखी कमी मिळाले (चिकणमातीला चिकटायला कॅल्शियमच मदत करत असावं). टाकी २० लिटरची, सगळं पाणी गाळणं शक्य नाही. ३ टक्के बीफ एक्स्ट्रॅक्टने, पीएच ९ ला, गाळ धुतला, थोडेच सुटले. सोडियम पायरोफॉस्फेटने फेज न मारता सोडवायचे, तर किती मिलिमोलर आणि किती मिनिटं हलवायचं?