जड ट्रकांत हायड्रोजन भरण्याचं मानक: आधी ३५० बार पक्कं करा, ७०० च्या मागे धावू नका

गॅसकट्टा (धागाकर्ता)

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने हायड्रोजनवर चालणाऱ्या ३७ बस-ट्रकांना आणि ९ भरणकेंद्रांना मंजुरी दिली. ३७ पैकी १५ गाड्या फ्युएल सेलच्या (हायड्रोजनपासून वीज करून मोटर चालवणाऱ्या), २२ इंजिनात हायड्रोजन जाळणाऱ्या. मार्गांमध्ये पुणे-मुंबई आहे. तेव्हा भरण्याच्या मानकावर आत्ताच भांडून घेऊ.

माझं म्हणणं: जड वाहनांसाठी आपण ३५० बार (१ बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब), हाय-फ्लो नोझल (मोठ्या धारेचं भरणतोंड), सेकंदाला कमाल १२० ग्रॅम एवढंच आधी पक्कं करावं. फ्युएल सेल ट्रक १०० किमीला ८ ते ९ किलो खातो असं धरा. पुणे-मुंबई जाऊन-येऊन ३०० किमी, म्हणजे २७ किलो. घाट आणि शिल्लक धरून ३५ किलो. ३५० बारला १५ अंशांवर घनता लिटरला २४ ग्रॅम, म्हणजे टाक्या सुमारे १,४६० लिटरच्या. चासीवर आरामात बसतात. ह्युंदाईचे एक्सिएंट ट्रक २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ३५० बारवरच पळू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आलेल्या इंडियन ऑइलच्या बसगाड्याही ३५० च्याच: चार सिलिंडर, ३० किलो, भरायला १०-१२ मिनिटं.

७०० म्हणजे जास्त कार्बन फायबर, ९०० बारच्या पुढची साठवण बँक (जास्त दाबाच्या सिलिंडरांचा साठा) आणि गॅस उणे ४० अंशांवर गार करणारा चिलर. ३५० ला चिलरची कटकट नाही.

---

कर्बतंतू

असहमत. पुणे-मुंबईचं माप घेऊन देशाचं मानक शिवू नका. समृद्धी महामार्ग ७०१ किमी आहे. एका भरणीत तो पार करायचा तर तुमच्याच हिशेबाने ६३ किलो लागतील. ३५० बारला २,६०० लिटरच्या वर जागा. ७०० बारला घनता ४०.२ ग्रॅम, म्हणून जेमतेम १,५७० लिटर. हा हजार लिटरचा फरक कॅबिनच्या मागे उभ्या रॅकच्या रूपात येतो आणि मालाच्या लांबीतून वजा होतो. ट्रकमालक टनावर कमावतो, मानकावर नाही.

युरोपने २०२३ च्या पर्यायी इंधन नियमावलीत २०३० अखेर मुख्य महामार्गांवर दर २०० किमीला एक केंद्र, दिवसाला १ टन क्षमता आणि किमान एक ७०० बारचा डिस्पेन्सर (पंप) बंधनकारक केलाय. टाक्या, व्हॉल्व्ह, नोझल बनवणारे त्याच बाजूला वळणार. आपण ३५० वर अडून बसलो तर दहा वर्षांनी सुटे भाग शोधत फिरू.

शिवाय ३५० चा नोझल ७०० च्या रिसेप्टॅकलमध्ये (गाडीवरच्या भरणछिद्रात) बसतो, उलट बसत नाही. म्हणजे गाडी ७०० ची घेतली तर ३५० च्या पंपावरही ६० टक्के भरते. गाडीवर ७०० लावा, पंप सावकाश वाढवा.

---

गॅसकट्टा

@कर्बतंतू, बसतो तो साधा ३५० चा नोझल, ६० ग्रॅमवाला. हाय-फ्लोचा नोझल मुद्दाम वेगळ्या आकाराचा आहे, नाहीतर कुणी १२० ग्रॅमची धार कारच्या छोट्या टाकीत सोडेल. तुमचा ७०० चा ट्रक माझ्या हाय-फ्लो पंपावर आला तर नोझल जाणारच नाही. साध्या नोझलने त्याच १,५७० लिटरमध्ये ३८ किलो भरायचे, तर पूर्ण ६० ग्रॅमने सतत वाहिलं तरी साडेदहा मिनिटं, आणि सतत तेवढं कधीच वाहत नाही.

---

थंडपेटी

दोघांनीही दाबावर वाद घातलाय, खरं दुखणं उष्णता आहे. "३५० ला चिलर लागत नाही" हे वाक्य धाग्यातून काढून टाका.

हायड्रोजन टाकीत शिरतो तेव्हा आधीचा गॅस दाबला जातो आणि तापतो. आदर्श वायू, रिकामी टाकी, भिंतीत उष्णता शून्य असं धरलं तर शेवटचं तापमान येणाऱ्या गॅसच्या निरपेक्ष तापमानाच्या १.४ पट. ४० अंशांचा गॅस (३१३ केल्व्हिन) थेट १६५ अंशांवर. या सूत्रात शेवटचा दाब येतच नाही, बघा. प्रत्यक्षात लायनर (टाकीचं आतलं अस्तर) आणि फायबर बरीच उष्णता पितात, पण त्याला वेळ लागतो. भरणी सावकाश असेल तरच चिलर टाळता येतो, दाब कमी आहे म्हणून नाही. टाकीची मर्यादा दोन्हीकडे ८५ अंश. त्यापुढे टाइप-४ टाकीच्या प्लॅस्टिक लायनरची आणि रेझिनची खात्री उरत नाही.

आता चिलरचा आकार. हायड्रोजनची विशिष्ट उष्णता किलोला १४.३ किलोज्यूल प्रति अंश. ४० वरून उणे ४० वर आणायचं तर किलोला सुमारे १.१४ मेगाज्यूल. ६० ग्रॅमला ६९ किलोवॅट, १२० ला १३७, ३०० ला ३४३ किलोवॅट, तेही गॅस वाहत असतानाच. एवढा कॉम्प्रेसर कोणी लावत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा जाड ठोकळा आधीच गार करून ठेवतात आणि त्यातून नळी काढतात. पहिला ट्रक मस्त भरतो. लगेच दुसरा आला की ठोकळा गरम, गॅस उणे ३३ च्या वर, मग नियंत्रक दाबाचा चढ (दाब वाढवण्याचा वेग) कमी करतो किंवा भरणी थांबवतो. मे महिन्यात नागपुरात हे रोज होणार. मानकात "एक भरणी किती मिनिटांत" हे लिहून भागत नाही. "४५ अंशांत, पाठोपाठ तीन ट्रक" असं लिहायला हवं.

---

दाबाचा_चढ

थंडपेटींना +१, आता एक पायरी पुढे. अमेरिकी एसएई संस्थेचं जे२६०१ हलक्या गाड्यांसाठी आहे. त्यात सभोवतालचं तापमान आणि टाकीचा सुरुवातीचा दाब बघून तक्त्यातून चढ ठरतो, किंवा नोझलजवळ मोजलेल्या तापमान-दाबावरून सेकंदागणिक हिशेब होतो. जड वाहनांचं जे२६०१/२, जे ३५० वाले धरून बसलेत, ते फक्त कुंपण घालतं: ८५ अंश, १२५ टक्के दाब (म्हणजे ४३७.५ बार), १२० ग्रॅम. कुंपणात कसं राहायचं ते पंप बनवणाऱ्यावर सोडलंय.

डेपोत हे चालतं. ठरलेल्या बस, ठरलेल्या टाक्या, एकदा ट्यून केलं की झालं. महामार्गावर अनोळखी ट्रक आला की पंपाला त्याच्या टाक्या टाइप-३ (धातूच्या अस्तराच्या) की टाइप-४, किती, किती लांब, काहीच माहीत नसतं. मग एकतर सगळ्यात वाईट टाकी धरून रडत-रडत भरायचं किंवा अंदाजाने. म्हणूनच २०२४ मध्ये जे२६०१/५ आलं: ६० ते ३०० ग्रॅमपर्यंत, नियमाने बांधलेली पद्धत. युरोपच्या प्राइड प्रकल्पाचंही (जड वाहनांच्या भरणपद्धतीवरचं संशोधन) सांगणं हेच होतं की गाडीने स्वतःच्या टाक्यांची माहिती पंपाला दिली तर भरणी झपाट्याने होते.

तेव्हा धाग्याचा प्रश्न चुकलाय. ३५० की ७०० पेक्षा आधी "पद्धत बांधलेली की मोकळी" हे ठरवा.

---

कर्बतंतू

गाडी माहिती देते कशी? इन्फ्रारेडने, रिसेप्टॅकलभोवतीच्या दिव्यांतून, एकतर्फी. टाकीचा दाब, तापमान, घनफळ आणि "चालू ठेव / थांब" एवढंच. गाडीने सांगितलं, पंपाने ऐकलं की नाही हे गाडीला कळत नाही. चिखल बसला की संदेश तुटतो आणि पंप बिनसंवाद पद्धतीवर येऊन कमी भरतो.

त्यात लांब टाकीचा घोळ. अडीच-तीन मीटरच्या टाकीत गॅस एका टोकाने शिरतो; धारेचा वेग कमी पडला की लांबच्या टोकाला गरम गॅस साचतो. तापमापक व्हॉल्व्हमध्येच, म्हणजे गार टोकाला असेल तर पंपाला ६० सांगणार आणि मागे लायनर ८५ पार करत असणार. अशा तापमापकावर विसंबून ३०० ग्रॅम सोडायचे? इंजेक्टरचा व्यास आणि कोन किती, तापमापक कुठे, हे वाहनाच्या मानकात बांधा, पंपाच्या नाही. आपल्याकडे ते एआयएस-१५७ मध्ये (हायड्रोजन वाहनांच्या सुरक्षेचं भारतीय मानक) जायला हवं.

---

उणे२५३

एवढा ताप कशाला? द्रवरूप घ्या. डाइमलरच्या जेनएचटू ट्रकने सप्टेंबर २०२३ मध्ये एका भरणीत १,०४७ किमी कापले. ८० किलो १०-१५ मिनिटांत, चिलर नाही, ९०० बारची बँक नाही.

---

थंडपेटी

@उणे२५३, चिलर गेला कुठे? तो द्रवीकरण कारखान्यात गेला. किलोला १० ते १२ युनिट वीज, आणि त्या किलोत ऊर्जा ३३ युनिट. आपल्याकडे द्रव हायड्रोजन म्हटलं की इस्रोचं तमिळनाडूतलं महेंद्रगिरी आठवतं. तिथून टँकर मागवून कळंबोलीत ट्रक भरायचे का?

---

गॅसकट्टा

चिलरबद्दलचं वाक्य मागे घेतो. पण ३५० वरचा मुद्दा उभाच आहे, कारण साठवण. ३५ किलो ८ मिनिटांत म्हणजे तासाला २६० किलोचा वेग. दिवसाला १ टनाच्या केंद्राचा कॉम्प्रेसर तासाला ४२ किलो देतो. बाकीचं बँकेतूनच. ३५० साठी ५०० बारची बँक पुरते. ७०० साठी शेवटचा टप्पा ८५०-९०० बारला ओढायचा, त्यामुळे वरच्या बँकेतला थोडाच गॅस कामाचा आणि उरलेला नुसता दाब धरून बसलेला. पैसा तिथे अडकतो.

पद्धत बांधलेली असावी, हे मान्य. ती ३५० वर बांधा.

---

दाबाचा_चढ

मग १२० वर थांबा, ३०० चा मोह नको. त्याच नळीतून प्रवाह अडीच पट केला की दाबाची घट सव्वासहा पट. फिल्टर, ब्रेकअवे (ओढ बसली की सुटणारा सुरक्षा-जोड), होज, नोझल, सगळ्यांचा व्यास वाढवावा लागतो, आणि ७०० बारचा जाड होज उणे ४० ला इतका ताठ होतो की ऑपरेटरला दोन्ही हातांनी वाकवावा लागतो.

---

वाशीनाका

तज्ज्ञांनो, पावसाळ्याचं बघा. दमट हवेत उणे ४० ची भरणी झाली की नोझलच्या पुढच्या कड्यांवर बर्फ धरतो, लॉक सुटत नाही. पाणी ओतू नका, ते आतल्या सीलवर जाऊन पुन्हा गोठतं. हिसकाही मारू नका, ब्रेकअवे निसटेल. नोझलच्या कोषात कोरड्या नायट्रोजनची बारीक धार सतत चालू ठेवायची आणि भरणी संपल्यावर दाब शून्य झाल्याची खात्री करून मिनिटभर थांबायचं. मानकाच्या मसुद्यात पर्जची (या नायट्रोजन-धारेची) ही ओळ आली तर ३५० वाले आणि ७०० वाले दोघांचंही काम होईल. पेसो (स्फोटक व ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) नागपुरात आहे, पाऊस कोकणात पडतो, म्हणून आठवण केली.