प्रोबेटला नक्की किती महिने लागतात? (दादरचा फ्लॅट, रजिस्टर्ड मृत्युपत्र)

दादरकर७: वडील मार्चमध्ये गेले. मृत्युपत्र रजिस्टर्ड, एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) मी. दादरचा फ्लॅट, दोन बँकांत एफडी, थोडे शेअर्स. आई आहे, एक बहीण न्यू जर्सीला. सोसायटी म्हणते प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा. किती महिने धरायचे? खर्च ५० हजारांच्या आत बसवायचाय.

सातबारा: प्रोबेट हवंय कशाला? डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ वगळलं. सक्ती गेली. सेक्रेटरींना सहकार कायद्याचं १५४ब-१३ वाचायला द्या, मृत्युपत्रावरून हस्तांतर करता येतं असं त्यात सरळ लिहिलंय. आणि ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) मागितला तर देऊ नका, वारसाला तो लागू नाही.

पार्ल्याचा_बाळू: सक्ती गेली, प्रोबेट नाही गेलं. विरोध नसेल तर हायकोर्टात सहा ते नऊ महिने, पण वर्ष धरून चाला. वेळ न्यायाधीशांसमोर जात नाही, रजिस्ट्रीने (हायकोर्टाच्या कार्यालयाने) काढलेल्या त्रुटी निस्तरण्यात जातो. मूळ मृत्युपत्र जमा करायचं. सोबत मृत्यूचा दाखला, किमतींसह मालमत्तेची यादी आणि मृत्युपत्रावरच्या एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. मग वारसांना सायटेशन, म्हणजे हरकत असेल तर सांगा अशी कोर्टाची नोटीस. ज्यांनी आधीच संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं त्यांना ते काढावं लागत नाही, महिना-दोन महिने तिथे वाचतात.
आणि झेरॉक्ससाठी मृत्युपत्राची पिन काढू नका! जादा भोकं दिसली की विचारतात, इथे अजून एखादं पान होतं का? मग त्या भोकांचं वेगळं प्रतिज्ञापत्र.

काळा_कोट: ५० हजार विसरा. दादरच्या फ्लॅटला कोर्ट फीच ७५ हजारांच्या कमाल मर्यादेला जाईल. वकील वेगळा.
साक्षीदार हयात आहेत का ते आधी बघा. रजिस्टर्ड म्हणजे सिद्ध झालं असं नाही. दोघेही गेले असतील तर निदान एका साक्षीदाराची सही आणि वडिलांची सही ओळखणारा माणूस शोधावा लागतो. आजी आहे का? मयताची आई पहिल्या वर्गाची वारस असते (वडील नसतात), आणि अर्जात तिलाच विसरतात. नावंही तपासा. मृत्युपत्रात ‘दत्तात्रय’, शेअर्सवर नुसतं ‘डी. जी.’ असं असेल तर सगळी रूपं ‘उर्फ’ लावून अर्जाच्या शीर्षकातच घाला. नाहीतर प्रोबेट हातात येतं आणि शेअर्सवाले परत पाठवतात.

ठाणेकरीण: एवढं कशाला? नॉमिनी कोण आहे? ज्याचं नाव त्याचा फ्लॅट. विषय संपला.

सातबारा: संपला नाही, ताई. नॉमिनी फक्त सांभाळणारा, मालक वारस किंवा मृत्युपत्रात नाव असलेला. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

ठाणेकरीण: बँक मात्र नॉमिनीलाच पैसे देते ना!

सातबारा: देते. म्हणून मालक होत नाही.

काळा_कोट: भांडण बाजूला ठेवा, त्यात एक कामाचं आहे. एफडीला नॉमिनी असेल तर प्रोबेटची वाट बघू नका. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने क्लेम निकाली काढायचा असतो. शेअर्सच्या डीमॅट खात्याला नॉमिनी नसेल तरी १५ लाखांपर्यंत सोप्या कागदांवर होतं.

एडिसनचा_काका: दादरकर, तुमच्या बहिणीच्या संमतीचा मसुदा मुंबईच्या वकिलाकडूनच घ्या. इथे न्यू जर्सीत नोटरीसमोर सही, मग राज्याच्या ट्रेझरी खात्याकडून ॲपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), मग मूळ कागद कुरियरने. स्कॅन चालत नाही. सही आधी करून नोटरीकडे नेलं तर पुन्हा पहिल्यापासून.

सातबारा: परत सांगतो, बहिणीची संमती आणि मृत्युपत्राची प्रत सोसायटीला द्या, दोन महिन्यांत सुटाल.

पार्ल्याचा_बाळू: +१. संमती मिळत असेल तर मीही तेच म्हणेन.

दादरकर७: सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. बहीण सही देणार नाही. तिच्या मते फ्लॅट अर्धा तिचा.

काळा_कोट: हे पहिल्याच ओळीत लिहायचं असतं. सायटेशन मिळाल्यापासून १४ दिवसांत ती कॅव्हिएट (लेखी हरकत) टाकेल, त्यावर आठ दिवसांत प्रतिज्ञापत्र, की साध्या अर्जाचा लढवायचा दावा झाला. मग महिने मोजू नका.

सातबारा: म्हणूनच सोसायटीत आधी नाव लावून घ्या, बघू पुढचं पुढे.

ठाणेकरीण: हो ना. कोर्टाची पायरी कशाला?

दादरकर७: नाही, प्रोबेटच टाकतोय. सोसायटीच्या नोंदीला ती पाच वर्षांनीही आव्हान देऊ शकते, तेव्हा साक्षीदार असतील की नाही कोण जाणे. आज एक हयात आहेत, वय ८१. आधी त्यांचं प्रतिज्ञापत्र. आजी नाही. ५० हजारांचं कळलं.
बाळू, पिन मी परवाच काढली हो. स्कॅनसाठी.

पार्ल्याचा_बाळू: पुन्हा स्टेपलर मारू नका. आहे तसं प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि पिन कधी, कोणी, कशासाठी काढली ते आजच लिहून ठेवा. जुनी पिन फेकली नाहीत ना?