कपाट खरवडलं आणि खाली निळा निघाला... कमी पैशात घर रंगवल्याचे, जुनं फर्निचर सावरल्याचे तुमचे अनुभव

एरंडोलची लेक

परवा आईचं लाकडी कपाट खरवडायला घेतलं. वरचा चॉकलेटी ऑइलपेंट निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली पिस्ता आणि सगळ्यात तळाला तो निळा. निळा दिसला आणि मी पॉलिश पेपर हातात धरून तशीच फरशीवर बसले. एरंडोलला आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर होतं, त्याची दारं, खिडक्या, कोनाड्यांच्या चौकटी, माठाची तिवई, सगळं याच निळ्यात. बाबांनी एकदा मोठा डबा आणला आणि तो संपेपर्यंत समोर येईल त्याला लावत गेले, माझ्या पाटीची चौकट पण सुटली नाही.

श्रावणात आमच्या खान्देशातली देवी कानबाई बसायच्या आधी घराला हात फिरलाच पाहिजे, पैसे असो नसो, हा आईचा नेम. चुनकळी, म्हणजे चुन्याचे खडे, पाण्याच्या ड्रमात टाकली की रटरट उकळायची, तोवर आम्ही पोरं ओट्यावर, खाली उतरायची बंदी. डोळ्यात उडाला तर डोळा जाईल म्हणायची आणि ते खरंच आहे. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यातून गाळायचा, त्यात नीळ, डिंकाचं पाणी, आणि मग मोठा कुंचला घेऊन ती स्वतः शिडीवर चढायची. ओल्या चुन्याचा तो वास मला अजून येतो.

आता जळगावात आमच्या दोन खोल्या नि किचन. यंदा १५ हजारात जमेल तेवढं करायचं असं ठरवलं होतं, मजुरी परवडणार नव्हती म्हणून रंग आम्हीच लावला. १० बाय १२ च्या खोलीला दोन हातांना ४ लिटरचा डबा पुरला. हॉलला दोन डबे लागले, ते आधी एका बादलीत एकत्र करून घेतले कारण मशीनवर मिसळलेल्या रंगात डब्याडब्याला जरा फरक पडतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. रंग लावायला दीड दिवस, आणि खरवडणं, लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, अस्तर (प्रायमर) मारणं यात आठ दिवस गेले, हे कोणीच आधी सांगत नाही.

कपाट भंगारात जाणार होतं, ७०० रुपये देत होता भंगारवाला. मी म्हटलं थांबा जरा. आता खरवडल्यावर कळतंय की अख्खं सागवान आहे. अजून देव्हारा आणि बाबांची वेताची आरामखुर्ची बाकी आहे. तुम्ही कोणी केलंय का असं काही? चुकलेलं पण सांगा, मला कामाला येईल.

केळीपट्टा

डबा संपेपर्यंत समोर येईल त्याला, हाहा, आमच्या आबांनी तर बैलगाडीच्या साट्या, विहिरीचा रहाट आणि कोंबड्यांचं खुराडं एकाच हिरव्यात काढलं होतं. गावात कोणी विचारलं घर कोणतं की लोक सांगायचे ते हिरवं हिरवं

पांझराकाठ

माझं चुकलेलं सांगते ताई. धुळ्याचं सासरचं घर जुनं, भिंतींना वर्षानुवर्षांचा चुना. मी हौसेनं त्यावर डायरेक्ट प्लास्टिक इमल्शन मारलं, इतकं सुंदर दिसलं की नणंदा बघायला आल्या. सहा महिन्यात पापुद्रे सुटायला लागले, हात लावला की ताटाएवढा तुकडा हातात यायचा. नंतर एका रंगाऱ्याने सांगितलं की चुना भुकटी असतो, रंग भिंतीला धरतच नाही, तो त्या भुकटीला धरतो आणि तिच्यासकट पडतो. मग सगळा चुना पत्र्याने खरवडला, भिंत धुतली, ती वाळेपर्यंत थांबले, अस्तर मारलं आणि मग रंग. पाच वर्षं झाली, काही झालं नाही. पण तो खरवडण्याचा महिना आठवला की अजून खांदे दुखतात, घरात जेवणाच्या ताटावर पण धूळ. ज्यांच्या घरी चुना आहे त्यांनी एकतर पुन्हा चुनाच मारावा, स्वस्त पडतो आणि उन्हाळ्यात घर गार राहतं

भुसावळकर

आमच्याकडे मे-जून म्हणजे बदल्यांचा सीझन. रेल्वेची माणसं, दीपनगरच्या वीजकेंद्राची माणसं, सामान हलवण्याचं भाडं वाचावं म्हणून चांगल्या चांगल्या वस्तू देऊन टाकतात. मी २,२०० ला शिसवी टेबल नि चार खुर्च्या घेतल्या होत्या, सगळ्या डुगडुगत होत्या. इथलं ऊन असं की लाकूड सुकून आकसतं आणि सांधे ढिले पडतात. आधीच्या मालकाने प्रत्येक सांध्यात खिळे ठोकलेले, ते काढता काढता जीव गेला. खिळे काढून सांधे पूर्ण उकलले, जुनी सरस खरवडली, फेविकॉल लावून दोरीने आवळून रात्रभर ठेवल्या. १४ वर्षं झाली. पोरगी त्याच टेबलावर शिकून नर्स झाली, आता तिच्या घरी न्यायचं म्हणतेय, मी हो म्हटलंय पण मन होत नाही

तापीमाय

ताई तुनं वाचीसन डोयामा पानी उनं. मनी माय बी अशीच करे. मातीना वास आजून याद शे

शेंदुर्णीचा दादा

भुसावळकर भाऊ तुम्ही रेल्वेत होते का? कोणत्या साली? माझे मामा लोको शेडला होते, त्यांच्या क्वार्टरला पण असंच शिसवी टेबल होतं

भुसावळकर

मी नाही भाऊ, वडील होते. मामा कधीचे? वडील ९१ ला रिटायर झाले

रावेरची सून

एरंडोलच्या ताई, एक काळजीनं सांगते, रागावू नका. ते जुने थर कोरडे घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१६ ला निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि तो निळा तर तुमच्या लहानपणचा. धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला धोका असतो. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तोंडाला मास्क, खाली जुनी ताडपत्री, काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्यानेच पुसून घ्या आणि घरात लहान लेकरू किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. मी हे सगळं उशिरा शिकले, माझा मुलगा तेव्हा रांगत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून पाळणा घासत होते. त्याला काही झालं नाही पण ती भीती अजून जात नाही

एरंडोलची लेक

रावेरच्या ताई, रागावू काय, पाया पडते तुमच्या. दोन दिवस मी कोरडंच घासलं. आज सगळं घर ओल्या फडक्याने पुसून काढलं, आता बाहेर गच्चीवर पाण्यानेच घासणार

पऱ्हाटी

याला जोडून माझं पण. रंग लावलेल्या लाकडाच्या ढलप्या, मोडक्या फळ्या चुलीत घालू नका. आमच्याकडे एकदा भरीताची पार्टी होती, काड्या कमी पडल्या तर कोणीतरी जुन्या खिडकीची चौकट तोडून आणली. काकांनी बघितलं आणि भाजलेली सगळी वांगी उकिरड्यावर टाकली, लोक चिडले, पण त्यांचं बरोबर होतं. वांगी भाजायची तर कपाशीच्या काड्यांवरच, ती चवच वेगळी

केळीपट्टा

बामणोदची वांगी होती का? मग काकांना किती वाईट वाटलं असेल

पऱ्हाटी

बामणोदचीच होती भाऊ. १२ किलो

सुताराचा पोरगा

सगळ्यांचं वाचून राहवलं नाही म्हणून दुकान बंद करून लिहायला बसलो. माझे वडील चोपड्याला सुतार, ७० वर्षांचे होईपर्यंत पॉलिश त्यांच्या हातचं. ताई, सागवान निघालंय ना, मग त्यावर परत ऑइलपेंट लावू नका, हात जोडून सांगतो. पॉलिश करा.

घासायला आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०, शेवटी ३२०. नंबर वाढला की कागद बारीक. नेहमी रेषेच्या दिशेने घासायचं, आडवं घासलं की ओरखडे पॉलिशखाली जास्तच दिसतात. भोकं, चिरा यात खडूची पूड आणि लाकडाच्या रंगाप्रमाणे पिवडी किंवा गेरू कालवून भरायचं. मग चपडा. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, ते स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचे, सकाळी गाळायचे. कापसाचा गोळा मऊ सुती कापडात बांधायचा, धोतराचं कापड असेल तर सगळ्यात छान, आणि हलक्या हाताने फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही, थांबलं की डाग. पातळ हात, वाळू द्यायचं, परत पातळ हात. वडील आठ-दहा हात द्यायचे आणि मध्ये कोणाशी बोलायचे नाहीत, आई चहा ठेवून जायची तो तसाच गार व्हायचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळी दमट हवेत चपडा लावू नका, वर पांढरट ढग येतो. आणि या पॉलिशवर गरम कप ठेवला तर पांढरं कडं उमटतं, जेवायच्या टेबलाला त्यामुळे मी दुसरं पॉलिश सांगतो. कपाटाला, देव्हाऱ्याला मात्र चपड्यासारखं काही नाही. फक्त देव्हाऱ्यात काम झाल्या झाल्या दिवा लावू नका, स्पिरिट पेट घेतं, दोन दिवस पूर्ण उडू द्या.

आणि कोणी जवसाचं उकळलेलं तेल वापरत असेल तर ती फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना आतून तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. आमच्या दुकानात एका मे महिन्यात भुश्याच्या पोत्याजवळ असंच झालं, वडील दुपारी झोपायचे नाहीत म्हणून वाचलो. फडकी पसरून बाहेर वाळवायची नाहीतर पाण्याच्या बादलीत.

वडील जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा शेवटचा कापडी गोळा डबीत बंद करून ठेवलाय, झाकण उघडलं की अजून वास येतो

पांझराकाठ

दादा, काय लिहिलंत. दोनदा वाचलं

गिरणाकाठ

चपडा मिळतो कुठे? मोठ्या शोरूमला विचारलं तर त्यांना शब्दच माहीत नव्हता

सुताराचा पोरगा

गावातल्या जुन्या रंगाच्या दुकानात विचारा, जिथे सुतार लोक जातात. थोडासाच घ्या, एकदा भिजवलेला फार महिने ठेवला तर नीट वाळत नाही, चिकट राहतो

शहादेकर पुण्यात

मी भाड्याच्या घरात राहते, मालक भिंतीला खिळा पण ठोकू देत नाही, रंग तर लांबच. म्हणून मी फक्त एक वस्तू केली. आईचं पायडलचं शिलाई मशीन होतं, मशीन बिघडलं ते कायमचंच, पण खालचं लोखंडी स्टँड शहाद्याला माळ्यावर पडलं होतं. बसच्या टपावर टाकून आणलं. तारेच्या ब्रशने गंज काढला, रेड ऑक्साइडचा हात, वर काळा ऑइलपेंट, आणि जुन्या दाराची फळी वर बसवली. तेच माझं ऑफिसचं टेबल. मीटिंग चालू असते आणि माझे पाय आपोआप पायडल हलवत असतात. आईने त्याच पायडलवर लोकांचे ब्लाऊज शिवून आम्हा तिघी बहिणींची फी भरली. सगळं मिळून ९०० रुपये लागले

भुसावळकर

ताई तुमच्या आईला नमस्कार सांगा

शहादेकर पुण्यात

सांगते दादा. आता ऐकू कमी येतं तिला, पण फोटो दाखवला तर ओळखलं, म्हणाली फळी थोडी तिरकी आहे

कूलरवाला भाऊ

कूलरच्या मागची भिंत दरवर्षी फुगते, पोपडे येतात, लोणा (पांढरा खार) धरतो. तीन वेळा रंगवली. यावर काय करू? विषय थोडा वेगळा आहे माफ करा

पांझराकाठ

भाऊ आधी ओल थांबवा, रंगाचा दोष नाही. कूलर भिंतीपासून हातभर पुढे घ्या नाहीतर खिडकीबाहेर स्टँडवर लावा. भिंत पूर्ण महिना वाळू द्या, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, मगच लांबी. ओल्या भिंतीवर रंग म्हणजे पैसे पाण्यात

चाळीसगावची माई

आमचा नवारीचा पलंग होता. नवार, म्हणजे विणायची जाड सुती पट्टी, किलोवर मिळायची, मामंजी स्वतः विणायचे, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. ते गेल्यावर दोन पाय वाळवीने खाल्ले, पण मधली एक फळी ठणठणीत निघाली. माझ्या मुलाने तिला घासून कडा गोल केल्या, चार भोकं पाडली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोका बांधला. लेकी माहेरी आल्या होत्या, चाळिशीच्या बायका पण रांगेत उभ्या. मी पण बसले. ६८ वय आहे माझं, गाणं म्हटलं आणि आवाज अर्ध्यात अडकला. फळी अजून आहे, आखाजी झाली की काढून ठेवतो, पावसात राहू देत नाही

तापीमाय

माई, पुढली आखाजीले मी बी येस

चाळीसगावची माई

ये ना बाई. घागर भरून झाली की दुपारी ये, पुरणपोळी नि आमरस ठेवते

शेंदुर्णीचा दादा

भुसावळकर भाऊ, मामांना फोन केला होता. ते ८८ ला रिटायर. तुमचे वडील आणि ते दोन वर्षं एका शेडला होते म्हणतात, नाव मात्र आठवत नाहीये. मेसेज करतो

एरंडोलची लेक

कपाट झालं. पाण्याने घासलं, तीन दिवस वाळवलं, सुतारदादांनी सांगितलं तसा चपडा, एकूण नऊ हात. पावसाला वेळ आहे म्हणून देव्हारा पण लगेच घेते. आतल्या बाजूला, डाव्या दाराला, वीतभर निळा तसाच राहू दिला, खरवडला नाही, त्यावर पण चपड्याचे हात दिले म्हणजे धूळ सुटणार नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिने विचारलं, बाकीचा डबा कुठं ठेवला?

आरामखुर्चीला वेत विणणारं जळगाव-धुळ्यात कोणी माहीत असेल तर सांगा

गिरणाकाठ

पाचोऱ्याला एक आजोबा विणायचे, अजून करतात का बघून उद्या सांगतो. खुर्चीचा फोटो टाका, भोकं किती आहेत ते दिसलं पाहिजे