मुख्य दार वुडन फ्लोअरिंगला घासतंय. परत रंधा मारू का?

ओटीवरची
डोंबिवली, तिसरा मजला. गेल्या दिवाळीआधी हॉल आणि पॅसेजमध्ये जुन्या लाद्यांवरच लॅमिनेट टाकून घेतलं. ८ मिमीची फळी, खाली पांढरा फोम. मुख्य दार तेव्हाच खालून तासून घेतलं होतं आणि मे संपेपर्यंत कसलीच कुरकुर नव्हती. जुलै लागला आणि दार घासायला लागलं. फ्लश डोअर आहे, वर सनमायका, आत उघडतं, तीन बिजागऱ्या. बंद असतं तेव्हा ठीक, थोडं आत ढकललं की खर्रर्र, आणि पुढे खांदा लावल्याशिवाय हलत नाही. फळ्यांवर विळ्यासारखा पांढरा ओरखडा उमटलाय. सासूबाईंना ते रेटवत नाही, म्हणून दुपारभर दार अर्धवट उघडं आणि सगळी भिस्त सेफ्टी डोअरवर.

सुताराला फोन केला तर न बघताच म्हणाला, "ताई, पावसाळ्यात लाकूड फुगतंच. येतो आणि अजून एक सूत काढतो." समोरच्या काकांच्या मते वास्तुदोष. काकांना चहा पाजला, सुताराला तूर्त थांबवलंय. कारण एक सूत म्हणजे तीन मिमी, आणि आमच्या जिन्यातली झुरळं तेवढ्या फटीची वाटच बघत बसलीत. तासल्याशिवाय दुसरं काही करता येतं का?

खिळेमोळे
रंधा शेवटी. आधी वरची बिजागरी बघा. दार अर्धं उघडून मुठीला धरून वर उचला. बिजागरीत कटकट हललं तर स्क्रू ढिले झालेत आणि दार लोंबतंय. भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी तोच स्क्रू पिळा. तेवढ्याने भागलं नाही तर खालच्या बिजागरीच्या पट्टीमागे पुठ्ठ्याचा तुकडा घाला, म्हणजे कुलपाकडची खालची बाजू किंचित वर येते. आमच्या चाळीत निम्मी दारं पुठ्ठ्यावरच उभी आहेत.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे सगळं घरच लाकडाचं. वरच्या बिजागरीतला एक स्क्रू काढून तिथे तीन इंची घातला की तो चौकट ओलांडून मागच्या खांबात शिरतो आणि अख्खं दार ओढून घेतो. तुमच्याकडे चौकटीमागे वीट आणि सिमेंट, त्यामुळे हे जसंच्या तसं करू नका. एक मात्र कुठेही लागू: दाराच्या खालच्या कडेला रंग किंवा पॉलिश आहे का, आरसा सरकवून बघा. ती कड कोणाला दिसत नाही म्हणून कोरीच सोडतात आणि पुसायचं पाणी तिथूनच आत मुरतं.

ओटीवरची
बघितलं. दार हलत नाही, स्क्रू घट्ट आहेत. चौकटीतली फट वरपासून खालपर्यंत सारखी, जुनं एटीएम कार्ड सगळीकडे सारखंच सरकतं. खालची कड कोरी आहे, पण फुगलेली दिसत नाही.

पाणसळ
ताई, सुताराला थांबवलंत ते बरं केलंत. मी नाशकात फ्लोअरिंगची कामं घेतो. तुमचं दार निर्दोष आहे, जमीन उठलीय.

लाकूड फुगतं ते रुंदीत, उंचीत जवळजवळ नाहीच. दार फुगलं असतं तर आधी कुलपाच्या बाजूला चौकटीत अडकलं असतं. तुमचं कार्ड तर आरामात जातंय. लॅमिनेटची गोष्ट निराळी. त्याच्या पोटात लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड असतो, तो हवेतली ओल घेतो आणि सगळी जमीन एकसंध पसरते. ती लादीला चिकटवलेली नसते, फोमवर नुसती तरंगत असते. म्हणून चारही बाजूंना ८ ते १० मिमी जागा सोडायची, जी स्कर्टिंगखाली आणि दारातल्या पट्टीखाली झाकली जाते. जागा नसली की पसरायला वाव नाही, मग ती मधे फुगा धरते. दार बंद असताना घासत नाही आणि आत आल्यावर घासतं, ते त्यामुळेच.

ओरखड्यापाशी अनवाणी उभ्या राहा आणि टाचेने दाबा. जमीन गादीसारखी दबली तर नक्की तेच. मग उंबरठ्याजवळची पट्टी उचकटा आणि फळीचं टोक दगडाला भिडलंय का बघा. दाराचा मॅग्नेट स्टॉपर कुठे बसवलाय? फळीतून आरपार खाली लादीत स्क्रू मारला असेल तर तरंगती जमीन तिथे खिळून बसते. चपलांचं जड कपाट वर उभं असेल तर तेही सरकवा.

ओटीवरची
पाणसळदादा, टाच चांगलीच दबली! पट्टीखाली फट नावालाही नाही, फळी थेट मार्बलच्या उंबरठ्याला टेकलेली, वर पांढरं सिमेंट थापलंय. आणि स्टॉपरचा स्क्रू आरपार, अगदी तुम्ही म्हणालात तसा. तो काढला तेव्हा जमिनीतून टक्कन आवाज आला, सासूबाई दचकल्या. दुसऱ्या माणसाकडून मल्टिटूलने टोकाची बोटभर पट्टी कापून घेतली. आता सासूबाई एका हाताने दार उघडतात. फक्त एका जोडावर अजून हलकं घासतं. तिथे फळ्यांच्या कडा ओठासारख्या वर आल्यात. येताना ओल्या छत्र्या तिथेच टेकवतो आम्ही.

पाणसळ
त्या कडा पाणी पिऊन सुजल्यात, त्या खाली बसणार नाहीत. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा छापील थर निघाला की खाली तपकिरी भुसा दिसतो. फळी बदला. दाराजवळची ओळ शेवटची असते, त्यामुळे स्कर्टिंग काढून तेवढ्याच ओळी सोडवता येतात. कापलेल्या जागेत सिमेंट किंवा सिलिकॉन भरू नका, वरून पट्टी बसते तेवढं पुरे, आणि पट्टी उंबरठ्याच्या बाजूला चिकटवा, फळीला नाही. स्टॉपर भिंतीवर घ्या. पुसताना फडकं घट्ट पिळून. दार उतरवायचा योग आलाच तर खालच्या कडेला पॉलिशचे दोन हात द्या.

खिळेमोळे
आणि नवीन फळी आणायला धावू नका. तोच शेड दुकानात मिळेल याचा भरवसा नाही, मिळाला तरी अख्खा बॉक्स गळ्यात मारतील. आधी माळ्यावर उरलेल्या बघा. नसल्या तर हॉलमध्ये सोफ्याखालची भिंतीलगतची फळी काढून दारात लावा आणि सोफ्याखाली कुठलीही त्याच जाडीची, त्याच खाचेची घाला. तिथे वाकून बघतंय कोण?