क्वारंटाइन टँक ही चैन नाही, नागपुरात तर अजिबात नाही

खारटपाणी
परवा इथे एका सदस्यानं लिहिलं की समुद्री मासा दुकानात आठवडाभर पाहावा, खातोय याची खात्री करावी आणि घरी आणून थेट मेन टँकमध्ये सोडावा. क्वारंटाइन, म्हणजे नवीन मासा आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवणं, ही पैशाची नासाडी आणि माशाला फुकटचा त्रास. त्याखालचे पसंतीचे अंगठे पाहून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

दुकानात पाहून कळतं काय? बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच संपमधून (खालच्या फिल्टर टाकीतून) फिरतं आणि त्यात हलकं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध असतं. तेवढ्यानं इक (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) मरत नाही, फक्त दबून राहतो. मासा आपल्या बिनकॉपरच्या पाण्यात आला की ठिपके दिसतात आणि दुकानदार म्हणतो, तुमचंच पाणी खराब.

इक माशाच्या अंगावर ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून दगडावर, वाळूत कोष करून बसतो. ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही, तो दगडात गेला. मेन टँकमध्ये कोरल आणि कोळंबी असताना कॉपर टाकता येत नाही. मग सगळे मासे काढून टँक ७६ दिवस बिनमाशाचा ठेवायचा. काढलेले मासे ठेवणार कुठे? क्वारंटाइन टँकमध्येच ना! मग आधीच का नाही?

आपल्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मासा मुंबईहून किंवा चेन्नईहून तासन् तास पिशवीत येतो. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, म्हणून साठलेला अमोनिया तितका विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. अशा पाण्यात माशाला तासभर ठेवून थेंबथेंब टँकचं पाणी सोडणं घातक आहे. क्वारंटाइन टँकची सॅलिनिटी (खारेपणा) मात्र आधीच पिशवीइतकी करून ठेवता येते. दुकानाच्या पाण्याची सापेक्ष घनता १.०१९ असेल तर टँकही १.०१९. तापमान जुळलं की मासा सरळ आत. १.०२५ च्या मेन टँकमध्ये हे कसं जमवणार?

बर्डीवाला
ती पोस्ट माझीच. नाव न घेता मारलं तरी लागलंच.
भाऊ, तुम्ही वाचलेलं सांगून राहिले, मी पाहिलेलं सांगतो. आमच्या मित्रानं ६० लिटरच्या काचेच्या डब्यात पावडर ब्लू टँग ठेवला. ना दगड, ना लपायला जागा. कोणीतरी सांगितलं म्हणून कॉपर ओतलं. टँग गेला, आणि अंगावर एक ठिपका नव्हता. इकनं जेवढे मासे मारले त्याहून जास्त क्वारंटाइननं मारले असतील. माशाची स्वतःची ताकद असते. चांगलं खायला द्या, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा लावा, पाणी स्थिर ठेवा. माझ्याकडे असेच मासे मजेत आहेत.

खारटपाणी
तुमच्या मित्राचा टँग अमोनियानं गेला असणार नाहीतर कॉपर जास्त पडल्यानं. डब्यानं नाही. स्पंज फिल्टर निदान महिनाभर आधी मेन टँकच्या संपमध्ये टाकून ठेवायचा, म्हणजे जिवाणू त्यात बसतात. लपायला पीव्हीसीचे एल्बो टाका, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दगड आणि वाळू मुद्दामच टाकायची नसते, ती कॉपर शोषून घेते आणि मात्रा हलत राहते.
कॉपर तर मात्रा मोजायच्या टेस्ट किटशिवाय हातातच घ्यायचं नाही. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) असेल तर २ ते २.५ पीपीएम, आयोनिक (मोकळं) असेल तर ०.१५ ते ०.२५. दोन्हीत दहापट फरक आहे. बाटली न वाचता ओतणाऱ्याला मी काय सांगू? आणि औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन बाहेर, यूव्ही बंद.
तुमचे मासे मजेत आहेत याचा आनंद आहे. पण तग धरलेल्या माशांच्या अंगावर थोडा इक राहू शकतो, दिसतही नाही. नवीन मासा आला की त्याच्यावर तो तुटून पडतो.

मनीषनगरची काकू
तुम्ही दोघंही मे महिना विसरून गेले बाप्पा. बाहेर ४५, घरात कूलर, आणि तुमचा तो छोटा डबा दुपारी ३३ वर जातो. मोठा टँक हळू तापतो, छोटा पटकन. आमच्याकडे दोन क्लाउन मासे डब्यात असताना दुपारभर लाइन गेली. सांगायला नको. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३२ ला सहाच्या आसपास.

त्रिमूर्तीनगर
काकू, पाण्यावर पंखा लावा. आपली उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनानंच दोन-तीन अंश उतरतात. चिलरची गरज नाही.

मनीषनगरची काकू
पंखा लावला होता. पण खोलीत कूलर चालू असला की हवा दमट होते, मग पंख्यानं काही उतरत नाही. खिडकी उघडावी तर लू आत येते. आणि पाणी उडालं की मीठ वाढतं, दिवसातून दोनदा आरओचं पाणी टाका.

त्रिमूर्तीनगर
मग कूलर दुसऱ्या खोलीत लावा, माशांच्या खोलीत एसी.

बर्डीवाला
घ्या! आता माशाला एसी. हा बंगलेवाल्यांचा छंद झाला. बर्डीत दोन खोल्यांत राहणाऱ्यानं मासे पाळूच नये काय?

त्रिमूर्तीनगर
मी भाड्याच्या घरात राहतो, बंगला काढायची गरज नव्हती. मासा जिवंत आहे. त्याला ३३ अंशांत उकळायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? नसेल जमत तर गोड्या पाण्यातले गप्पी पाळा.

बर्डीवाला
गप्पी पाळणाऱ्याला कमी लेखू नका. मला कोणी माशावर प्रेम करायला शिकवू नये.

खारटपाणी
दोघंही थांबा. मासा मे महिन्यात आणूच नये, हे त्याचं उत्तर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आणा, क्वारंटाइन तेव्हाच उरका. उलट थंडीत छोट्या टँकला हीटर लागतो. आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप बारा महिने घरात हवा, तो इन्व्हर्टरच्या तुलनेत अगदी स्वस्त.

जुना रीफर
एका गोष्टीवर खारटपाणींशी भांडतो. प्रत्येक माशाला कॉपर हे चुकीचं. रॅस आणि बौने एंजल हे मासे कॉपरला नाजूक असतात. मँडरिन मासा कोपेपॉड (दगडावरचे बारीक जीव) खातो, नुसत्या काचेच्या टँकमध्ये उपाशी मरेल. क्लाउनला ब्रुकलिनेला हा परजीवी रोग झाला तर कॉपर उपयोगी नाही, फॉर्मेलिन लागतं. आधी नुसतं निरीक्षण, मग निदान, मग औषध. आणि फक्त इकची शंका असेल तर दर ७२ तासांनी दुसऱ्या स्वच्छ टँकमध्ये, असं चार वेळा हलवलं तरी काम होतं. वेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगाला मात्र तो उपाय चालत नाही. आणि वेल्वेट इतक्या झपाट्यानं मारतो की निदानापर्यंत वेळ मिळेलच असं नाही.

खारटपाणी
मान्य. मी "सगळ्यांना कॉपर" असं कुठेच लिहिलेलं नाही, पण वरचं वाचून तसं वाटू शकतं, हे मान्य. मँडरिनचं बरोबर आहे. तरीही वेल्वेटचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे.

बर्डीवाला
म्हणजे डबा, स्पंज, एल्बो, किट, हीटर, पंप, आणि मासाही हिवाळ्यातच. स्पंजचं मला पटलं, ते मी आमच्या मित्राला सांगीन. कॉपरवर अजूनही माझा विश्वास नाही, आणि तुमच्या निरीक्षणाच्या डब्यात मासा लपून बसला तर निरीक्षण कशाचं करता तेही सांगा.

मनीषनगरची काकू
आणखी एक. डबा मेन टँकच्या शेजारी ठेवू नका. पाण्याचे बारीक तुषार उडून वेल्वेट तीनेक मीटरपर्यंत जातो, जाळी आणि हात तर वेगळेच. आमच्याकडे आता डबा मागच्या व्हरांड्यात आहे, घरच्यांनी कितीही कुरकुर केली तरी.

बर्डीवाला
व्हरांड्यात! मे महिन्यात! काकू, मघाशी ३३ अंशांवर कोण रडून राहिलं होतं?

मनीषनगरची काकू
डिसेंबरात, बर्डीवाले. डिसेंबरात. नीट वाचा.