गाण्यांच्या वह्या, भेंड्या आणि मागे पडलेले गीतकार : आपले अनुभव सांगा

केतकीबन

परवा भाचीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी कार्यालयातल्या स्पीकरवर 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' लागले आणि जमलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण मुलाने मला विचारले, "मावशी, हे गाणे कुणाचे?" मी पी. सावळारामांचे नाव सांगितले, तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "पण आवाज तर लताबाईंचा आहे ना?" त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मोबाइलवर गाणे लावले की बहुधा गायकाचेच नाव दिसते. शब्द कुणाचे, हे शोधायला मुद्दाम खटपट करावी लागते. त्या दिवसापासून हा विषय मनातून जात नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आमच्या लहानपणी गीतकारांची नावे आपोआप पाठ होत, कारण आम्हाला गाण्यांची वही लिहिण्याचा नाद होता. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागले की गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगितली जात, आणि ती वहीच्या कोपऱ्यात आधी टिपून घ्यायची हा आमच्या घरचा दंडक होता. पहिली ओळ मी धरायची, दुसरी धाकट्या बहिणीने. अंतऱ्यातला एखादा शब्द निसटला की तेवढ्या जागेवर टिंबे देऊन ठेवायची आणि ते गाणे पुन्हा लागेपर्यंत वाट पाहायची. अशी टिंबे कधीकधी पावसाळाभर तशीच राहत. पण जो शब्द इतकी वाट पाहून हाती लागला, तो जन्मात विसरला नाही.

सावळारामांविषयी माझे मत स्पष्ट आहे. येडेनिपाणीच्या या कवीला मोठ्या कवींच्या पंगतीत मानाचे पान मिळाले नाही, आणि ते मिळायला हवे होते. त्यांचे शब्द घरात बोलले जातात तसे आहेत. लेकीला निरोप देणारी आई जे बोलेल, तेच त्यांनी चालीवर बसेल असे लिहिले. वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज यांचे मोल मी कमी करीत नाही, परंतु दिल्या घरी सुखी राहा, असे सांगणारी ती ओळ आधी कुणीतरी कागदावर लिहिली होती. आपल्याकडे असे कोणते गीतकार, आणि गाण्याभोवतीचे असे कोणते नाद होते, ते अवश्य लिहा.

माळावरचा

भेंड्या! आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला लग्नाचे वऱ्हाड एसटीने निघाले की गाडी गावाची वेस ओलांडण्याआधी भेंड्या सुरू होत. 'ळ' आला की 'ल' चालतो की नाही, यावर दोन्हीकडची मंडळी भांडत. आमच्या थोरल्या काकांचा एक वेगळा नियम होता : नुसता मुखडा चालणार नाही, निदान एक अंतरा पूर्ण म्हटला पाहिजे, नाहीतर भेंडी चढली. त्या नियमाने आम्हा पोरांना शेकडो अंतरे पाठ झाले.

आमच्या मदतीला बहुतेक वेळा जगदीश खेबुडकर धावून येत. कोल्हापूरकडचे, पेशाने शिक्षक, आणि लेखणी अशी की १९७२ च्या 'पिंजरा'तल्या लावण्याही त्यांच्याच आणि 'देहाची तिजोरी भक्तीचाच ठेवा' हेही त्यांचेच. लावणी लिहिणाऱ्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला कधीच पटली नाही. ठसका आणि भक्ती दोन्ही तितक्याच खरेपणाने लिहिणारा माणूस माझ्या लेखी फार मोठा आहे.

आता वऱ्हाड स्वतंत्र गाड्यांतून जाते आणि ज्याच्या त्याच्या कानात ज्याचे त्याचे गाणे असते.

सांजवात

मी आईची वही जपून ठेवली आहे. तिने गीतकारानुसार पाने पाडली होती, आणि त्यात शांता शेळके यांचे एक पान आहे व डॉ. वसंत अवसरे यांचे दुसरे. हे टोपणनाव शांताबाईंचेच असल्याचे तिला पुष्कळ वर्षांनी कळले, तेव्हा तिने दोन्ही पाने एका दोऱ्याने शिवून टाकली. तो लाल दोरा अजून तसाच आहे. स्वयंपाक व्हायचा आहे, सविस्तर नंतर लिहिते.

केतकीबन

सांजवातताई, आईंच्या त्या दोऱ्याबद्दल वाचून डोळे भरून आले. शक्य असेल तर त्या पानांचे छायाचित्र येथे द्या. 'तोच चंद्रमा नभात' आणि 'मी डोलकर' ही दोन्ही गाणी शांताबाईंची, हे आज सांगितले तरी लोकांना नवल वाटते.

वऱ्हाडी लेक

विषय गीतकारांचा आहे हे मान्य, पण ज्या गाण्यांना गीतकारच नाही त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पुण्याकडे भोंडला आणि कोल्हापूरकडे हादगा म्हणतात, तशी आमच्या विदर्भात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात. ज्या घरी गाणी, त्या घरचा खाऊ झाकलेल्या डब्यात असतो, आणि डबा हलवून, वास घेऊन तो ओळखायचा.

एकच गाणे आमच्या आळीत एका तऱ्हेने आणि पलीकडच्या आळीत दुसऱ्या तऱ्हेने म्हटले जाई. सासरच्या नातलगांची नावे, दागिने, खाऊ यांची भर ज्या त्या आळीची स्वतःची. त्यामुळे आम्हा मुलींपैकी प्रत्येकीने त्यात एखादी ओळ रचलेली होती असे म्हणता येईल. आता मंडळाच्या कार्यक्रमात ही गाणी ध्वनिमुद्रित स्वरूपात लागतात आणि मुली त्यावर नृत्य बसवतात. नृत्य सुरेख असते, पण ओळ घालायला जागा उरलेली नाही, याची खंत वाटते.

माळावरचा

डबा हलवून खाऊ ओळखायचा, म्हणजे लाडू लगेच कळत असणार. वाटली डाळ ओळखणे अवघड!

वऱ्हाडी लेक

दादा, वाटली डाळ वासावरून ओळखता येते. खरी पंचाईत साखरफुटाण्यांची, कारण त्यांचा आवाज शेंगदाण्यासारखाच येतो.

ठाणेकर आजोबा

केतकीबन यांनी सावळारामांचा विषय काढला म्हणून लिहितो. आम्हा ठाणेकरांना ते केवळ कवी म्हणून नव्हे, तर आमचे नगराध्यक्ष म्हणूनही ठाऊक होते. त्यांचे खरे नाव निवृत्ती रावजी पाटील. ठाणे महानगरपालिका त्यांच्या नावाने पुरस्कार देते आणि त्याच सोहळ्यात 'गंगा जमुना' या नावाचाही एक पुरस्कार असतो. गीतकाराची अशी आठवण ठेवणारी शहरे फार नाहीत.

आणखी एक सांगतो. १९५५ च्या रामनवमीला, म्हणजे १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले तेव्हा मी लहान होतो आणि आजोळी पुण्यात होतो. वाड्यात एकच रेडिओ, मालकांच्या माडीवर. गाण्याच्या वेळी तो रेडिओ खिडकीत आणून ठेवला जाई आणि खाली चौकात सारे बिऱ्हाडकरू उभे राहत. आजी रेडिओला हार घालण्यासाठी फुले वर पाठवीत असे. गदिमांनी दर आठवड्याला एक नवे गीत द्यायचे, सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावायची, असे वर्षभर चालले आणि एकूण छप्पन्न गीते झाली. आकाशवाणीवरच्या सीताकांत लाडांची ही मूळ कल्पना होती, त्यांचेही नाव आवर्जून घ्यायला हवे. गाणे झाल्यावर लगेच कुणी पांगत नसे. कैकेयीचे खरेच चुकले का, भरताने राज्य का घेतले नाही, यावर चौकात बोलणे चाले, आणि ते सारे बोलणे शब्दांविषयी असे. पुढे १९५७ साली ही गीते पुस्तकरूपाने निघाली, ती आजीने घेतली आणि पोथीच्या बासनात बांधून ठेवली.

आज कार्यक्रमांत गीतरामायण पुष्कळ होते, सभागृहे भरतात, तरुण गायक उत्तम गातात. उणीव त्या नंतरच्या बोलण्याची आहे.

काळी माती

आम्ही शेतकरी माणसे. माझ्या वडिलांना मोटेवरची गाणी येत. बैल मागे सरत, मोट विहिरीत बुडे. मग बैल धावेवरून पुढे चालू लागले की वडील ओळ उचलत, आणि मोट वर येऊन थारोळ्यात पाणी पडले की ओळ संपे. गाण्याची लांबी विहिरीच्या खोलीवर ठरायची, हे वाचणाऱ्यांना कदाचित खरे वाटणार नाही. गावात विजेचे पंप आले, कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण गाणे म्हणायला निमित्त राहिले नाही आणि वडिलांनी पुढे ती कधी नुसती म्हणून दाखवली नाहीत. "बैल नाहीत, कुणासाठी म्हणू?" असे ते म्हणत.

म्हणून मला ना. धों. महानोर सर्वांत जवळचे. अजिंठ्याच्या परिसरातले पळसखेडे हे त्यांचे गाव, आणि ते स्वतः शेती करीत. १९७७ च्या 'जैत रे जैत'मधली त्यांची गाणी हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली. 'नभ उतरू आलं' प्रथम ऐकले तेव्हा हा माणूस पावसाची वाट पाहत बांधावर बसलेला आहे, हे मला कुणी सांगावे लागले नाही. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले. त्या संध्याकाळी आमच्या पारावर कुणीतरी मोबाइलवर ते गाणे लावले आणि बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना गाणे ठाऊक होते, नाव ठाऊक नव्हते. मी ते नाव त्यांना सांगितले, पळसखेडे कुठे आहे तेही सांगितले.

सांजवात

आताच सारे वाचले. काळी माती, वडिलांची ती गाणी घरात कुणाला येतात का? आत्याला, चुलत्यांना? विचारून पाहा आणि जेवढ्या ओळी मिळतील तेवढ्या लिहून काढा, अर्धवट असल्या तरी चालतील.

काळी माती

धाकट्या आत्याला दोन-तीन येतात, ताई. ती वैजापूरला असते. पोळ्याला येणार आहे, तेव्हा वही घेऊन बसतो.